पहिली दोरी कुणाची

खोटं बोलेन तर माझी एकूण एक गाठ सुटून जावो! मिस्कियाकूच्या झऱ्याची शपथ, वरच्या बर्फाच्या डोंगराची शपथ, आणि जिच्या चातीवर मी वळली गेले त्या बाईची शपथ, आता सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. ज्याला पटणार नसेल त्यानं आत्ताच उठावं. मधे उठलेलं मला चालत नाही.

बसलात? बरं.

मित्रांनो, मी एक जुनी गाठींची दोरी आहे. किपू म्हणतात मला. बोटाएवढी जाड एक आडवी दोरी, तिला लोंबणाऱ्या त्र्याण्णव बारीक दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांवर गाठीच गाठी. लांबून बघाल तर म्हणाल, कुणा म्हातारीनं झिपऱ्या विंचरल्या नाहीत. इथं पेरू देशातल्या लिमाच्या ग्रंथालयात माझ्या शेजारी चामडी बांधणीचं एक पुस्तक आहे. ते पहिले सहा महिने मला फरशी पुसायचं फडकं समजत होतं. माझं वय कळल्यावर त्याची वाचा बसली. तीनशे अकरा पुरी, चालू तीनशे बारा.

माझा जन्म कोल्पापाता गावचा. गावाच्या वर मिस्कियाकूचा झरा. तिथून पाट निघतो, कोल्पापाताच्या बटाट्याच्या वावरांतून उतरतो आणि खाली उरायपाम्पाला जातो. हा पाट दोन्ही गावांनी मिळून खणला. कुणी कुठला तुकडा खणला हे विसरायला नको म्हणून मला वळलं. झऱ्याच्या तोंडापासून सुरुवात करायची. पहिला तुकडा ज्यांचा त्यांची दोरी पहिली, दुसरा ज्यांचा त्यांची दुसरी. आणि नियम असा, की दुष्काळात पाणी याच क्रमानं घ्यायचं. पहिल्या दोरीवाल्यांची वावरं आधी भिजणार. शेवटच्या दोरीवाल्यांनी आभाळाकडे बघायचं.

झऱ्याचं तोंड कोल्पापातानं फोडलं होतं. म्हणून माझी पहिली दोरी विकुन्याच्या लोकरीची. विकुन्या म्हणजे डोंगरातलं फार लाजरं जनावर, माणूस दिसला की पळतं. पण त्या दिवशी एक मादी आपणहून खाली आली, बायकांच्या घोळक्यात उभी राहिली आणि मान वळवून म्हणाली, "कापा, पण मागून कापा, पुढून थंडी वाजते." हसू नका. शपथ घेतलीय मी. उरायपाम्पाच्या दोऱ्या हरणाच्या केसांच्या, बाकीच्या घराण्यांच्या पाळीव जनावरांच्या, लामाच्या नि अल्पाकाच्या.

आणि गंमत अशी, की डोळ्यांना सगळ्या तपकिरीच दिसतात. मला डोळ्यांनी वाचतच नाहीत मुळी! दर ऑगस्टात पाट साफ करायच्या दिवशी वाचणारी बाई झऱ्यात हात धुणार, डोळे मिटणार, आणि मला डोक्यापासून शेपटापर्यंत बोटांनी चाचपत मोठ्यानं वाचणार. बोटाखाली जे आहे ते बोलायचं. मनातलं एक अक्षर घालायचं नाही. मग गाव चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, घोट घेऊन आपापल्या तुकड्यावर फावडी घेऊन उभं. काय तो मान होता माझा! माझ्यावरून पोरं ओवाळून नेत. शेवटची वाचणारी इग्नासिया. तिनं आपल्या नातीला, सातुर्निनाला, नऊ वर्षांची असल्यापासून शिकवलं. त्या पोरीची बोटं म्हणजे उंदराच्या मिशा!

मग जमीनदाराच्या माणसांनी देवळातली पेटी फोडून गावाचे कागद जाळले. मी तेव्हा इग्नासियाच्या घागऱ्याखाली कमरेला बांधलेली होते म्हणून वाचले. शाळामास्तर म्हणाले, "हिला लिमाला ठेवू. तिथं कुलूप आहे, आग नाही." त्यांनी मला आणून दिलं, पावती घेतली आणि गेले.

सुरुवातीला इथं कौतुक झालं हो! चष्मेवाले आले, भिंगवाले आले. एकानं माझ्या गाठी अकरा वेळा मोजल्या आणि अकरा वेळा वेगळा आकडा आला. कुणी हात लावला नाही. सगळे पांढरे हातमोजे घालून. शेवटी कार्डावर लिहिलं: "क्रमांक ४१७. गाठींची दोरी. उपयोग अज्ञात." अज्ञात! दोन गावांचं पाणी माझ्या अंगावर, आणि अज्ञात!

मग कपाट बंद झालं. एक वर्ष, तीन वर्षं, नऊ वर्षं. आणि त्या अंधारात एक मेली कसर आली. तिनं नेमका माझ्या पहिल्या दोरीचा फास कुरतडला. विकुन्याची दोरी तुटून कप्प्याच्या तळाशी पडली.

त्याच आठवड्यात कप्पे पुसायला ओर्तेन्सिया आली. बावीस वर्षांची, नोकरीला लागून तीन आठवडे झालेली. पडलेली दोरी बघितली आणि तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. तिला वाटलं, आपल्याच हातून तुटली. आदल्याच दिवशी ग्रंथालयाच्या मोठ्या साहेबांनी तिला बजावलं होतं, "इथं वस्तू मोडली की माणूस मोडतो." तिनं दाराकडे पाहिलं. हातमोजे काढले, कारण मोजे घालून सुई धरता येत नाही. पांढरा दोरा चहात बुडवून तपकिरी केला. आणि जागा शोधायला लागली. शेपटाकडे तिला थोडी मोकळी जागा दिसली, शेजारच्या दोऱ्याही त्याच रंगाच्या. तिथं शिवून टाकली! सुबक, बारीक टाक्यांनी. मी जीव खाऊन ओरडत होते, "अगं बये, डोक्याची दोरी शेपटाला कुठं लावतेस?" पण दोरीला तोंड कुठलं? तिनं कार्डावर लिहिलं: "स्थिती उत्तम. दुरुस्ती नाही." आणि कुलूप लावलं.

त्यावर तीस वर्षं गेली. ओर्तेन्सियाच पुढं या संग्रहाची मुख्य झाली. करडी, शिस्तीची, एक डाग नसलेली.

आणि दुष्काळ पडला. दोन वर्षं पावसाचा थेंब नाही. कोल्पापाताला बटाटे गोट्यांएवढे निघाले. झऱ्याची धार मनगटाएवढी उरली, दोन गावांना पुरणारच नाही. पाटावर फावडी चालली, तिघांची डोकी फुटली. पाणी खात्याचे साल्दिवार साहेब म्हणाले, "पुरावा आणा. नसेल तर खालच्या गावात माणसं जास्त, त्यांना आधी पाणी." कोल्पापाताचे कागद तर जळलेले. तेव्हा गावप्रमुख मेलितोनला मास्तरांची ती पावती सापडली. साहेबांनी गुरुवार दिला. दुपारी चारपर्यंत दोरी वाचून दाखवा, चारला मी सही करणार.

मित्रांनो, तीस वर्षांनी माझा कप्पा उघडला तो त्या गुरुवारी, तीन वाजता.

टेबलाभोवती पाचजण. मधे साल्दिवार साहेब, पुढ्यात हुकुमाचा कागद. एकीकडे मेलितोन आणि सातुर्निना. साठी ओलांडलेली माझी पोर, हॅट मांडीवर घेऊन बसलेली. समोर उरायपाम्पाचा प्राक्सेदेस. मेलितोनची बहीण त्याला दिलेली, म्हणून जीभ जरा सैलच. आणि डोक्याशी ओर्तेन्सिया.

"काय मेव्हण्या," प्राक्सेदेस म्हणाला, "आवाज का बसलाय?"

"दारावर काठी काढून घेतली माझी. गावप्रमुखाची मानाची काठी! माझ्या बापानं ती बिशपसमोर खाली ठेवली नव्हती."

"मग पाण्याचं जाऊ दे, काठी तरी परत मिळव."

"दाजी, बहिणीकडे बघून गप्प बसतोय."

"बहिणीनंच सांगितलंय, भावाला काही देऊ नका म्हणून."

"गप्प बसा दोघं," साहेब म्हणाले. "आजी, वाचा."

ओर्तेन्सियानं हातमोजे पुढं केले. सातुर्निनानं ते घातले, डोळे मिटले, माझ्यावर हात ठेवला. तिची बोटं माझ्यावरून फिरली आणि थांबली.

"ही मेलीय," ती म्हणाली.

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"काही बोलत नाही. हे काढा," तिनं पांढरी बोटं वर धरली. "याच्यातून नुसता कापूस लागतो."

"उघड्या हातानं शक्य नाही," ओर्तेन्सिया म्हणाली. "घाम, तेल, मीठ. नियम आहे. हा नियम कुणासाठीही मोडलेला नाही."

हो का गं? मी मनात म्हटलं. कुणासाठीही नाही?

"बाई," सातुर्निना शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडे पुस्तकं वाचायला येतात त्यांचे डोळे बांधता का?"

प्राक्सेदेस फिस्सकन हसला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन. ओर्तेन्सियानं त्या म्हातारीचे हात निरखून पाहिले. मग म्हणाली, "कोपऱ्यात नळ आहे. साबणानं धुवा. नखंसुद्धा. आणि तोंडातली कोकाची पानं टाका."

सातुर्निना हात धुऊन, हवेत वाळवून आली. आणि तिची उघडी बोटं माझ्या डोक्याला लागली. कसं सांगू! चाळीस वर्षं कुणी नावानं हाक मारली नव्हती आणि आज मारली. पण पुढं काय होणार ते मला ठाऊक होतं. मी अंग चोरून पडून राहिले.

तिनं पहिली दोरी अंगठा आणि बोटात धरली. चोळली. पुन्हा चोळली.

"वाच ना, बाई," मेलितोन आपल्या भाषेत कुजबुजला. "आपलं नाव घे."

"ती भाषा मलाही येते हां," प्राक्सेदेस म्हणाला. "काय आहे तेच वाच."

"आहे तेच वाचणार," सातुर्निना म्हणाली. "पहिली दोरी. हरणाचे केस. उरायपाम्पा."

मेलितोन ताडकन उठला. "काय बोलतेस?"

"बस खाली. दुसरी, लामा. तिसरी, अल्पाका..." ती वाचत गेली, एक चुकवली नाही, त्र्याण्णवच्या त्र्याण्णव. आवाज बारीक होत गेला. शेवटच्या दोरीला ती थांबली. "विकुन्या. कोल्पापाता."

"शेपटाला!" प्राक्सेदेसनं टेबलावर थाप मारली. "साहेब, ऐकलंत? त्यांच्याच बाईनं वाचलं!"

"थांबा," सातुर्निना म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच. "ही दोरी इथली नाही. लहानपणी मी हिला पहिली वाचलीय. आणि इथं टाके आहेत. कापसाचा दोरा. आमच्यात कापूस कुणी घालत नाही."

"हरलात की दोरी खोटी! वा!" प्राक्सेदेस म्हणाला. "सुरुवातीलाच का नाही बोललीस?"

"कारण वाचताना मधे बोलायचं नसतं. तुझ्या आजीला विचार."

साल्दिवार साहेब ओर्तेन्सियाकडे वळले. "सेन्योरा, या वस्तूची कधी दुरुस्ती झाली आहे?"

मित्रांनो, ऐका. हा एवढा एक प्रश्न. ओर्तेन्सियानं माझं कार्ड उचललं. तिनं वाचलं, "क्रमांक ४१७. स्थिती उत्तम." आणि मग पुढची ओळ, "दुरुस्ती नाही."

कार्डावर होतं तेच वाचलं. म्हातारीनं वाचलं तसंच. पण म्हातारीनं स्वतःच्या विरुद्ध वाचलं होतं.

"मग झालं," साहेब म्हणाले. पावणेचार वाजले होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मेलितोन हातात तोंड धरून बसला. सातुर्निनानं डोळे उघडले. माझ्या विस्कटलेल्या दोऱ्या एकेक करून सरळ केल्या, आजारी माणसाचं पांघरूण नीट करावं तशा. मग हॅट उचलली. पेन कागदाला टेकलं. मला कागदाचा करकर आवाज ऐकू आला. साहेबांच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं, वळणाचं, ते काढून झालं.

"सही करू नका."

ओर्तेन्सिया उभी होती. हातमोजे काढून टेबलावर ठेवलेले.

"मी शिवलीय ती. तीस वर्षांपूर्वी. खाली पडलेली सापडली, कुठं लावायची ते माहीत नव्हतं, रंग बघून लावली. कार्डावर खोटं लिहिलं. नोकरी जाईल म्हणून."

मग प्राक्सेदेस ओरडला, "हे बरंय! बाईला म्हातारीची दया आली! साहेब, हिच्या शब्दावर आमची वावरं सुकवणार?"

"शब्दावर नको," ओर्तेन्सिया म्हणाली. तिनं कात्री आणली आणि स्वतःचे टाके एकेक उसवले. दोऱ्याच्या आत, जिथं चहा पोचला नव्हता, तिथं पांढरा कापूस निघाला. विकुन्याची दोरी सुटी झाली. मग सातुर्निनानं माझं डोकं चाचपलं आणि म्हणाली, "इथं. हरणाच्या दोरीच्याही आधी. एक फास तुटून राहिलाय, पिळाच्या आत. नखाएवढा."

"तो कसला केस, तेही तूच सांगणार," प्राक्सेदेस म्हणाला.

"मी नाही. तू सांग."

"मी?"

"बारा वर्षं हरणाची शिकार केलीस. चाळीस वर्षं डोंगरात लामा राखलेस. हात धू आणि सांग."

बाई गं, काय डाव टाकला माझ्या पोरीनं! प्राक्सेदेसच्या गावात चारशे माणसं, त्याचीही पोरं तहानलेली. एक शब्द बोलला की पाणी त्यांचं. "हरीण." बस. कोण त्याला खोटं पाडणार होतं? साहेबांना लोकरीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

तो नळाकडे गेला. किती वेळ हात धूत होता! परत आला, डोळे मिटले. आधी सुटी दोरी चोळली, मग माझ्या डोक्यातला तो तुटका फास. मग हरणाची दोरी. मग पुन्हा फास. मी श्वास रोखून धरला. हो, दोऱ्याही धरतात.

"आईच्यान," तो पुटपुटला. "बायको घरात घेणार नाही मला."

"म्हणजे?" साहेब.

"विकुन्या," प्राक्सेदेस म्हणाला आणि खाली बसला. "विकुन्याच आहे. पहिली दोरी त्यांची."

मेलितोन उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि त्याच्या शेजारी बसला. "दाजी," तो म्हणाला, "दोन दिवस आम्ही, तिसरा दिवस तुम्ही. दोरीत नाही बसत, पण माझ्या बहिणीची वावरं तिकडं आहेत."

"तीन दिवसांत एक? कंजूष तो कंजूषच."

"मग जा, परत हात धू."

साहेबांनी अर्धवट सहीचा कागद फाडला आणि दुसरा मागवला.

ओर्तेन्सियाला ग्रंथालयाच्या मोठ्या साहेबांनी संग्रहातून काढलं. तळघरात जुनी वर्तमानपत्रं लावायला बसवलं, निवृत्त होईपर्यंत. जायच्या आधी तिनं माझ्यासाठी नवं कार्ड लिहिलं, तीन पानी. कुठं तुटली, कुणी चुकीची लावली, कुणी उसवली, कुणी ओळखली, सगळ्यांची नावं. माझी विकुन्याची दोरी सातुर्निनानं उघड्या हातानं पुन्हा डोक्याला बांधली. आता दर ऑगस्टात कोल्पापाताहून वाचणारी येते, आणि उरायपाम्पाचा एकजण साक्षीला. नळावर हात धुतात. हातमोजे टेबलाच्या कडेला पडून असतात.

म्हणून सांगते, मित्रांनो. जुन्या वस्तू जपा, पण कुलपात घालून विसरू नका. ज्यांच्या आम्ही आहोत त्यांना आम्हाला हात लावू द्या. धुतलेला, पण हात. मोडलं तर दुरुस्त जरूर करा, आणि काय केलंत ते लिहून ठेवा. चुकलं असेल तर तेही लिहा. चूक लिहिलेली असली की कुणीतरी उसवू शकतं. लपवलेली चूक वस्तूच्या अंगात राहते, आणि एक दिवस ती दुसऱ्याचं पाणी तोडते.

आता... एक सांगायचं राहिलं. शपथ मोठी घेतली होती ना मी? त्या ओर्तेन्सियानं चौघांसमोर कबूल केलं, आणि मी म्हातारी गप्प बसू?

कसर नव्हती हो. कसर मी पदरची घातली. नऊ वर्षं कुणी कप्पा उघडला नव्हता. नऊ वर्षं! वाटलं, काहीतरी तुटलं तर तरी कुणी उचलून बघेल. म्हणून मीच अंग आवळलं, पीळ घट्ट केला, आणि ती दोरी तोडून खाली टाकली.